वनराई बंधारा: श्रमदानाची एक सकाळ आणि तिच्यामागची दहा दिवसांची तयारी

ओढाकाठ (धागाकर्ता):

परतीचा पाऊस सरत आला की गावोगाव वनराई बंधाऱ्याची बोलणी सुरू होतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर घातलेला हा हंगामी बांध. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव रूढ झालं, आता कुणीही घातला तरी तो वनराई बंधाराच. काम एका सकाळचं, पण आधीची तयारी आठ-दहा दिवसांची. ती राहून गेली की पन्नास जणांनी घाम गाळून घातलेला बंधारा पंधरवड्यात कोरडा पडतो. मंडळं, बचत गट, शाळा यांना तारीख ठरवण्याआधी उपयोगी पडावं म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी जागा. ओढा तीन-चारशे मीटर पायी चालून बघा. पात्र अरुंद हवं, प्रवाह सरळ हवा, दोन्ही काठ किमान दीड मीटर उंच आणि घट्ट हवेत. वळणावर पाणी बाहेरचा काठ खातच असतं. तिथे बंधारा कितीही भक्कम असला तरी पाणी बगलेतून वाट काढणार. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, मात्र पात्र पसरट आणि तळ सपाट असावा. उतार मोजायला हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने पातळी दाखवणारं साधं साधन) किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. १०० मीटरला १ मीटर उतार असेल तर १ मीटर उंच बंधाऱ्यामागचा फुगवटा, म्हणजे अडून मागे पसरलेलं पाणी, १०० मीटर मागे जातो. पात्र ६ मीटर रुंद धरलं तर साठा ०.५ × १ × ६ × १०० = ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर. उतार १०० मीटरला ३ मीटर असेल तर फुगवटा ३३ मीटरवर संपतो आणि साठा जेमतेम १ लाख लिटर भरतो. गोण्या तितक्याच, माणसं तितकीच, पाणी तिसरा हिस्सा. म्हणून उतार मोजल्याशिवाय जागेवर चुना टाकू नका.

उंची १ मीटर, फार तर १.२. 'अजून दोन थर चढवू' हा मोह आवरा. पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. १ मीटर पाण्याचा रेटा बंधाऱ्याच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन असतो, दीड मीटरला तो १.१ टनाच्या वर जातो. एवढं पाणी अडवायचं असेल तर गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) किंवा पक्का बंधारा हा वेगळा विषय आहे.

आता गोण्या. पाया २ मीटर रुंद, माथा ०.८ मीटर, उंची १ मीटर. सरासरी रुंदी १.४ मीटर. लांबी ८ मीटर असेल तर ११.२ घनमीटर भराव, म्हणजे ४ ब्रास माती. सिमेंटची गोणी दोन-तृतीयांश भरून ठोकून बसवली की साधारण ५५ सेंमी × ४० सेंमी × १२ सेंमी जागा घेते, म्हणजे २६ लिटर. हिशोबाने ४२५ गोण्या लागतात, थर आठ. खालच्या अंगाला पायथ्याशी २५ धरा, फाटक्या निघणाऱ्या आणि नंतरच्या डागडुजीसाठी ५०. एकूण ५००. 'दोनशे-अडीचशेत होईल' असं म्हणणारे बहुतेक वेळा पायाची रुंदी विसरलेले असतात.

पाझर:

चांगला धागा. जागेच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: पाणी कशासाठी अडवायचंय? गुरांना पिण्यासाठी, कपड्यांसाठी, काठच्या भाजीपाल्यासाठी वरचं पाणी दिसायला हवं असेल तर तळाला सलग खडक किंवा घट्ट चिकण थर पाहिजे. शेजारच्या विहिरींना पाणी यावं म्हणून बंधारा असेल तर उलट, तळात भेगाळलेला खडक किंवा वाळू-गोट्यांचा थर असलेली जागा चांगली. तिथे साठा लवकर उतरतो आणि लोक म्हणतात 'बंधारा गळका झाला'. तो गळका नसतो, पाणी खाली जात असतं. हे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षी कुणी फावडं उचलत नाही.

खात्रीसाठी बंधाऱ्याच्या आधी आणि नंतर, दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी मोटर सुरू होण्यापूर्वी, २०० मीटरच्या आतल्या दोन-तीन विहिरींची पातळी दोरीने मोजा. काठावरच्या एकाच खुणेपासून मोजायची. उपसा सुरू झाल्यावर घेतलेलं माप काहीच सांगत नाही.

सुगी:

तारखेबद्दल बोलूया. २ ऑक्टोबर किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचा २४ सप्टेंबरचा स्थापना दिन धरून बंधारे घालतात. मुलं मिळतात, पाहुणे येतात. पण तो काळ बरोबर आहे का?

ओढाकाठ:

नाही. हस्ताचा पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अजून बाकी असतो. एका वळवासारख्या सरीत ओढा कमरेइतका आला की गोण्या थेट खालच्या शेतात. हस्त पूर्ण जाऊ द्या, चित्राचे पहिले दिवस बघा, हवामान खात्याचा आठवड्याचा अंदाज कोरडा असेल तर काम काढा. देशावर साधारण १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. दुसऱ्या टोकाला उशीरही नको. सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर डिसेंबर-जानेवारीत असतं, तोवर बऱ्याच ओढ्यांची धार तुटलेली असते. वाहतं पाणी अडवायचं आहे, धार तुटल्यावर मागे साठणार काय?

धार मोजायची सोपी रीत: अरुंद जागी मातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. ५ सेकंद लागले तर सेकंदाला ३ लिटर, दिवसाला सुमारे २ लाख ६० हजार लिटर. म्हणजे वरचा ३ लाखांचा साठा झिरपा धरूनही दोन-तीन दिवसांत भरेल. बादलीला एक मिनिट लागत असेल तर दिवसाला २१–२२ हजार लिटरच मिळतात. तेवढं तळातच जिरेल, बंधारा भरणार नाही.

जांभा_चिरा:

कोकणाचं गणित थोडं वेगळं आहे. आमच्याकडे पऱ्या आणि व्हाळ (लहान ओढे) दिवाळीनंतरही चांगले वाहतात, आणि ऑक्टोबरात माणसं भातकापणीत अडकलेली असतात. त्यामुळे भात घरात आल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून काम धरलं तरी चालतं. उतार जास्त म्हणून फुगवटा लहान. एक मोठा घालण्यापेक्षा ०.६–०.७ मीटर उंचीचे तीन-चार बंधारे एकामागे एक घालावेत.

दुसरं, जांभ्याच्या तळाला आरपार भोकं असतात. वरून कातळ दिसतो म्हणून 'तळ पक्का' समजू नका, पाणी जांभ्यातून खाली शेडीपर्यंत (जांभ्याखालचा मऊ चिकण मातीचा थर) जातं आणि पुढे उताराला झऱ्यासारखं फुटतं. वरच्या अंगाच्या कातळावर शेडीचा किंवा चिकणमातीचा हाताएवढा जाड लेप, बंधाऱ्यापासून किमान ३ मीटर मागेपर्यंत, पायाने तुडवून द्यावा लागतो. भाताचा पेंढा बारीक तोडून त्या चिखलात कालवला तर लेपाला तडे कमी पडतात. दगड-माती-पाला घालून कच्चे बंधारे बांधायची जुनी पद्धत हीच, गोण्या नंतर आल्या. या पाण्यावर वायंगणी (पावसाळ्यानंतरचं दुसरं) भात, कुळीथ, भाजीपाला निघतो, म्हणून खालच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय धार पूर्ण बंद करू नये.

मुरमाड:

पायाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. बंधारा चार कारणांनी जातो: बुडातून, बगलेतून, वरून वाहून, आणि खालच्या पायथ्याची माती उकरली जाऊन. चारही गोष्टींची सोय आधी करावी लागते.

बुडासाठी: रेषेवरचा शेवाळ, गाळ, पालापाचोळा, सुटे गोटे पूर्ण काढा, घट्ट मुरूम लागेपर्यंत. मग रेषेच्या मध्यावर ५० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर संपूर्ण लांबीत खणा आणि ती चिकणमातीने भरा, गोण्यांनी नाही. माती ओलसर हवी, मुठीत दाबली की गोळा व्हावा पण हाताला पाणी सुटू नये. १०–१० सेंमीचे थर देऊन धुमसाने (माती ठोकायच्या जड दांड्याने) कुटा. गोण्या ओबडधोबड तळावर ठेवल्या की खाली पोकळ्या राहतात. पाणी आधी तिथून वाट काढतं, मग बारीक माती घेऊन जातं आणि वाट रुंदावत जाते. वरून बंधारा शाबूत दिसतो, मागे पाणी नसतं.

बगलेसाठी: ही चर दोन्ही काठांत किमान अर्धा मीटर आत शिरली पाहिजे. काठाचा सैल भाग, उंदीर-खेकड्यांची बिळं, झाडाची कुजकी मुळं काढून आत गोण्या घुसवा आणि फटी चिखलाने भरा. जिवंत झाडाच्या मुळाशी मात्र खोदू नका, काठ धरून ठेवण्याचं काम तेच करतं.

वरून जाणाऱ्या पाण्यासाठी सांडवा: मधला एक ते दीड मीटर भाग बाकीपेक्षा एक-दीड थर खाली, म्हणजे १५–२० सेंमी. दोन्ही टोकं मध्यापेक्षा उंच असली की जास्तीचं पाणी मध्यातूनच जातं. माथा सपाट ठेवला तर ते काठाशी जातं आणि बगल फोडतं. सांडव्याखाली दीड मीटरपर्यंत मोठे दगड एकमेकांत अडकवून बसवा, खाली बारीक खडी. हे दगड शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलतात आणि मग राहून जातात. म्हणून ते आदल्या दिवशीच रचून ठेवावेत.

रचना विटांच्या बांधकामासारखी. एक थर आडवा, पुढचा उभा, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. गोणीचं बांधलेलं तोंड आतल्या बाजूला, उघड्या अंगाला कधीच नाही. प्रत्येक गोणी ठेवली की धुमसाने किंवा पायाने चेपून चपटी करा आणि थराथरांत ओला चिखल भरा. पूर्ण गच्च भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते आणि शेजारणीला बिलगत नाही, म्हणून दोन-तृतीयांशच भरायची. शेवटी वरच्या अंगाला ३० सेंमी चिकणमातीचा उतरता लेप.

सुगी:

गोण्यांत कोणती माती भरायची? आमच्या भागात सगळी काळीच आहे.

मुरमाड:

निव्वळ काळी नको. ओली असताना फुगते, वरचे थर वाळले की आक्रसते आणि गोण्यांमध्ये बोटभर फटी पडतात. बारीक कण विणीतून बाहेरही येतात. दोन घमेली मुरूम आणि एक घमेलं माती हे मिश्रण चांगलं. निव्वळ वाळू जड बसते पण पाणी आरपार सोडते. काळी माती वाया घालवू नका, ती चरीत आणि वरच्या लेपात वापरा, तिथे ती सतत ओली राहते.

माती फुगवट्याच्या क्षेत्रातूनच घेतली तर साठाही वाढतो. मात्र बंधाऱ्याच्या रेषेपासून ५ मीटर सोडून. अगदी पुढ्यात खड्डा केला तर तळाचा घट्ट थर फुटतो आणि बुडातल्या पाण्याला रस्ता मिळतो. काठ तर मुळीच कोरू नका.

निंबोणी:

गोण्यांबद्दल माझी भर. बांधकामावरून आणलेल्या गोण्या आदल्या दिवशी झटकून, पाण्यातून काढून वाळवा. आत राहिलेली सिमेंटची भुकटी ओल्या हाताला लागली की कातडी सोलते, डोळ्यात गेली तर त्रास जास्त. खताच्या गोण्या धुऊन चालतात. कीटकनाशकाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची गोणी पाण्यात नकोच, कितीही धुतली तरी. कामगार घाईत गोणी पोटातून फाडतात, अशा गोण्या बाजूला काढा. कडेची शिवण उसवलेली किंवा एका टोकाने सरळ कापलेलीच घ्या. उन्हात बरेच महिने पडलेल्या गोणीचा धागा चिमटीत चुरतो. दोन्ही हातांनी ताणून बघायचं, चर्रकन फाटली तर नको.

तोंड बांधायला तागाची सुतळी वापरू नका, ती पाण्यात दीड-दोन महिन्यांत कुजते. नायलॉनची दोरी घ्या किंवा दाभणाने शिवा. दोरीचे ५० सेंमीचे तुकडे आदल्या संध्याकाळी कापून शंभर-शंभरच्या जुड्या करून ठेवल्या की सकाळचा अर्धा तास वाचतो.

पाणकळा:

माणसांच्या वाटणीवर लिहितो, कारण श्रमदानाचा उत्साह इथेच वाया जातो. भरलेली गोणी ४० किलोच्या आसपास असते. ती माणसांच्या साखळीतून फिरवणं म्हणजे पाठी धरायला आमंत्रण. साखळीतून घमेली फिरवा आणि गोणी जिथे बसवायची तिथेच भरा. एका गोणीला साधारण ३ घमेली, म्हणजे ४५० गोण्यांना साडेतेराशे. साखळीत दर ८–१० सेकंदांना एक घमेलं सरकतं, तासाला चारशेच्या आसपास. दोन साखळ्या असतील तर निव्वळ वेळ पावणेदोन तास. दमछाक, पाणी, चहा धरून तीन तास.

माती रेषेपासून १५ मीटरवर असेल तर एका साखळीत १२ जण, दोन साखळ्यांचे २४. टिकाव-फावड्यावर ६, गोण्या धरणं-भरणं-बांधणं यावर ६, रचणारे ४. झाले ४०. रचणारे चार मात्र बदलायचे नाहीत आणि त्यांना बांधकामाची नजर हवी, गावातला गवंडी मिळाला तर उत्तम. सत्तर-ऐंशी माणसं येणार असतील तर एकाच बंधाऱ्यावर गर्दी करू नका. दुसरी रेषा आखून ठेवा किंवा त्यांना काठावरच्या चरी आणि दगड गोळा करण्याचं काम द्या. हात रिकामे राहिले की लोक फोटो काढून परत जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

सामान: टिकाव ६, फावडी १०, घमेली ४०, पहारी २, धुमस २, दाभणं ६, लाइनदोरी, चुन्याची फक्की, हातमोजे, प्रथमोपचार पेटी. घमेली कमी पडली की साखळी थांबते, ती माणशी एक धरा.

सकाळी सातला सुरुवात, साडेअकरापर्यंत आटोपायचं. माणशी ३ लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबाचं सरबत नऊ वाजता, पिठलं-भाकरी काम संपल्यावर. ग्लास आणि ताटं घरून आणायला सांगा. ओढा वाचवायला जमलेल्या ठिकाणी कागदी कपांचा ढीग बघवत नाही.

जांभा_चिरा:

सुरक्षेचं राहिलं. पालापाचोळा आणि दगडांच्या फटीत घोणस आणि कोकणात फुरसं असतं. हात घालण्याआधी काठीने हलवा, दगड स्वतःकडे ओढून उलटा, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे निघतं. गमबूट असतील तर रचणाऱ्यांना द्या. पायाला जखम असलेल्याने साचलेल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती आपल्याकडे खरी आहे. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवायची सोय ठेवा आणि नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'ओढ्याच्या पाण्यात काम केलं होतं' हे सांगायला सगळ्यांना बजावून ठेवा.

शाळेची मुलं असतील तर सातवीच्या खालच्यांना पात्रात उतरवू नका. दोऱ्या मोजणं, गोण्यांची नोंद, मातीचा गोळा करून ओल तपासणं, पातळीची पट्टी रंगवणं ही त्यांची कामं. ती ती मन लावून करतात.

सुगी:

वाहतं पाणी असताना पाया कसा खणायचा? पाणी कुठे वळवायचं?

ओढाकाठ:

आदल्या दिवशी रेषेच्या ४–५ मीटर वर मातीचा गुडघाभर आडवा बांध घाला आणि त्यात ११० मिमीचा पीव्हीसी पाइप बसवा. पाइप रेषेच्या पलीकडे खाली २ मीटरपर्यंत न्या, म्हणजे कामाची जागा कोरडी राहते. बादलीच्या मोजणीत सेकंदाला ५–६ लिटरच्या वर धार निघाली तर दोन पाइप टाका. बंधारा या पाइपावरूनच रचायचा.

पाइपाचा बाहेरचा भाग गुळगुळीत असतो, त्याच्या अंगाने पाणी सरकतं आणि गळती नेमकी तिथेच लागते. म्हणून रेषेच्या मध्यावर पाइपाभोवती हातभर जाडीचा चिकणमातीचा गोळा थापा आणि लगतच्या गोण्या अर्ध्याच भरा, त्या पाइपाला बिलगतात. काम संपल्यावर खालच्या टोकाला फिरवून बसणारं चुडीचं झाकण बसवायचं, डिंकाने चिकटवायचं नाही. हिवाळाभर ते थोडं उघडं ठेवून खाली धार सोडता येते आणि उन्हाळ्याअखेर पाणी पूर्ण काढता येतं.

पाझर:

+१. ते झाकण अर्धं उघडं ठेवणं फार गरजेचं आहे. खालच्या डोहांतले मासे, खेकडे, बेडूक नेमके याच दिवसांत पाण्यावाचून मरतात. बंधारा भरेपर्यंत दोन दिवस धार पूर्ण तोडायची पाळी आली तर रात्री तरी झाकण सैल करा.

एकाच ओढ्यावर मालिका असेल तर खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा वरच्याच्या पायथ्याशी येऊन टेकावा असं अंतर ठेवा. १०० मीटरला १ मीटर उताराला १ मीटर उंचीचे बंधारे १००–१०० मीटरवर. वरचा आधी बांधायचा. तो भरेपर्यंत खालची जागा कोरडी मिळते. फक्त वरचा फुटला तर खालचेही जातात, म्हणून सगळ्यात मजबूत वरचाच हवा.

आणि डासांसाठी कुणी गप्पी मासे सोडायला सांगितले तर ओढ्यात सोडू नका. तो परका मासा आहे, पावसात खाली नदीपर्यंत जातो. ओढ्यातले स्थानिक मासे फुगवट्यात आपोआप येतात आणि अळ्या खातात. सांडव्याखालच्या डबक्यांवर लक्ष ठेवलं की पुरतं.

निंबोणी:

उद्घाटनाबद्दल एक सुचवते. पाहुण्यांच्या हस्ते नारळ आणि भाषणं सकाळी सातला ठेवली की उन्हं वर येतात आणि काम दहाला सुरू होतं. त्या दिवशी फक्त कुदळीला हळदकुंकू लावा आणि कामाला लागा. जलपूजन तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बंधारा भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की संध्याकाळी करा. त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, काम करता न आलेल्यांना बोलवा. पाणी बघायला सगळा गाव येतो. बंधाऱ्यात किती गोण्या, साठा किती, झाकण कुणी उघडायचं, देखरेख कुणाकडे, हे फलकावर लिहून तेव्हाच वाचून दाखवा. फुलं आणि पानं पाण्यात न सोडता काठावर ठेवा, फुगवट्यात कुजली की पाण्याला वास येतो.

सुगी:

वॉटर कपच्या काळात श्रमदान एप्रिल-मेमध्ये व्हायचं. बंधाऱ्याचं काम तसं उन्हाळ्यात उरकून ठेवता येणार नाही का?

पाणकळा:

पानी फाउंडेशनची ती स्पर्धा २०१६ ते २०१९ या वर्षांत झाली. पहिल्या वर्षी वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. त्यात सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), शेततळी, बांधबंदिस्ती अशी पावसाआधीची, डोंगरमाथ्यापासूनची कामं होती. वनराई बंधारा त्याच्या उलट टोकाला: पावसानंतर, ओढ्यात, तात्पुरता. उन्हाळ्यात घातला तर पहिल्याच पुरात जाईल आणि वर गोण्या नदीत. मात्र दोन्ही कामं एकमेकांना धरून आहेत. माथ्यावर चरी झालेल्या ओढ्याची धार दिवाळीनंतर जास्त दिवस टिकते, गाळ कमी येतो. उन्हाळ्यात चर आणि दिवाळीला बंधारा असं वर्षाचं वेळापत्रक गावाने धरलं तर खरा उपयोग.

मुरमाड:

भरल्यानंतरचे दहा दिवस कुणीतरी रोज फेरी मारायला हवी. दोन जणांची नावं ठरवा. बघायचं काय? खालच्या अंगाला झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ. स्वच्छ झिरपा चालतो, काही दिवसांत गाळ बसून कमी होतो. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे, त्याच दिवशी इलाज करा. खालून गोण्या दाबून काही होत नाही, गळतीचं तोंड वरच्या अंगाला शोधायचं. राख किंवा भाताचा कोंडा मूठभर सोडला की पाण्याच्या पृष्ठावर जिथे तो भोवरा घेऊन खेचला जातो तिथे किंवा त्याच्या खाली भोक असतं. तिथे चिकणमातीचे गोळे पेंढ्यात गुंडाळून काठीने ठासा आणि वरून अर्धी भरलेली गोणी बसवा. भोवरा दिसला नाही तर झाकण उघडून पातळी फूटभर उतरवा आणि ओला तळ तपासा.

म्हशी बंधाऱ्यावरून उतरतात तिथे माथा आठवड्यात बसतो. गुरांसाठी फुगवट्याच्या वरच्या टोकाला दगडांचा उतार करून द्या, ती तिथूनच जातील.

जांभा_चिरा:

प्लास्टिकचा कागद वरच्या अंगाला लावावा का, हे विचारलं जातं. माझं मत: नको. लावल्यावर गळती लगेच थांबते हे खरं, पण खेकडे आणि गुरांचे खूर तो फाडतात आणि त्याचे तुकडे पावसात समुद्राला जातात. चिकणमातीचा लेप दिला की त्याची गरज उरत नाही. लावलाच तर एकसंध जाड ताडपत्री, कडा चरीत पुरलेली, आणि मे महिन्यात ती काढायची जबाबदारी नावानिशी.

निंबोणी:

हाच मुद्दा गोण्यांना लागू आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडेच होतं. पाचशे गोण्या म्हणजे पाचशे प्लास्टिकच्या पिशव्या आपण ओढ्यात ठेवतो. पहिल्या पुरात त्या फाटून झुडपांना, पुलाच्या मोऱ्यांना, खालच्या शेतांना अडकतात. बांधायला जितकी माणसं जमतात त्याच्या निम्मी काढायला जमली तरी काम दोन तासांत होतं. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून रोपं लावायचा कार्यक्रम ठरलेला असतो, पण दक्षिण कोकणात तोवर पाऊस दारात असतो. कोकणात मेचा तिसरा रविवार, देशावर शेवटचा रविवार धरा. आठवडाभर आधी पाइपाचं झाकण पूर्ण उघडा म्हणजे उरलेलं पाणी निघून गोण्या थोड्या वाळतात.

सुगी:

काढलेल्या मातीचं आणि फाटक्या गोण्यांचं काय करायचं? ओढ्यातच मोकळी केली तर?

निंबोणी:

ओढ्यात नको, पहिल्या पाण्याबरोबर खालचा डोह भरेल. वरच्या अंगाला साचलेला गाळ आणि लेपाची माती शेतकऱ्यांना बांधावर न्यायला सांगा, ट्रॉली बंधाऱ्यापर्यंत येईल अशी वाट ऑक्टोबरातच बघून ठेवा. मुरूम काठाच्या पलीकडे ढीग करून ठेवला तर पुढच्या वर्षी तोच वापरता येतो. गोण्या धुऊन, ताणून तपासून, चांगल्या निघालेल्या सावलीत गठ्ठे बांधून ठेवा. त्या दुसऱ्या वर्षी चिखलाच्या आतल्या थरांना चालतात, उन्हाला लागणाऱ्या बाहेरच्या थरांना नवीन घ्या. चुरणाऱ्या गोण्या पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे. जाळू नका. आणि ऑक्टोबरात मुलांनी वहीत लिहिलेला गोण्यांचा आकडा त्या दिवशी काढून समोर ठेवा: ४६३ घातल्या असतील तर ४६३ मोजूनच घरी जायचं.